माल जेथे थांबतो

१९४९ सालच्या जानेवारीअखेर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर टपालखात्याची एक नवी वहिवाट सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार नगरांतून टपालाच्या थैल्या व थोडे उतारू घेऊन रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र जमत. मद्रासेहून आलेली थैली दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात अशी अदलाबदल होई. आणि ती आटोपताच प्रत्येक विमान ज्या गावाहून आले त्याच गावी परत फिरून सकाळच्या टपालवाटपाला हजर होई. चार नगरे परस्परांशी थेट जोडावयाची तर सहा मार्ग चालवावे लागतात; मध्ये एक गाव धरले की चारांत भागते. नगरे दहा झाली की हाच हिशेब पंचेचाळीस आणि दहा असा पडतो, आणि मग मध्यावरच्या मुक्कामाचे मोल किती वाढते हे निराळे सांगावयास नको. अमेरिकेतील मेम्फिस शहर मध्यावर धरून फेडरल एक्स्प्रेसने १९७३ च्या एप्रिलात १४ विमानांनिशी जो व्यवसाय उभारला आणि ज्याची कीर्ती आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यालयात गायली जाते, त्याचे मूळ तत्त्व आपल्या टपालखात्याने चोवीस वर्षे आधी सोनेगावच्या धावपट्टीवर रोजच्या रोज अमलात आणले होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढे ही सेवा बंद पडली. दूर पल्ल्याची जेट विमाने आली, दिल्लीहून मद्रासेला मध्ये न उतरता जाता येऊ लागले, आणि मध्यरात्रीच्या त्या संमेलनाचे प्रयोजन संपले. नागपूर आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते. थांबण्याचे कारण तेवढे नाहीसे झाले होते.

या अंकासाठी संपादकांनी ‘ठिकाण’ हा विषय ठरवून, मध्यवर्ती गावात धंदा मांडल्याने नेमका लाभ होतो तो कोणता, हे प्रत्यक्ष पाहून लिहावे असे सुचविले तेव्हा माझ्या मनात प्रथम ही विमाने आली. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे वाक्य विदर्भातील प्रत्येक उद्योग-परिषदेत, प्रत्येक भूमिपूजनात आणि प्रत्येक जाहीरनाम्यात उच्चारले जाते. ते खरे आहेच. पण मध्यावर असणे आणि मध्यावर असल्याचे उत्पन्न मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर पाहावयाचे तर परिषदेच्या मांडवातून उठून वाडीच्या गोदामांत, कळमन्याच्या बाजारात आणि खापरीच्या माळावर जावे लागते.

खांब आणि चौफुली

शहराच्या सिव्हिल लाइन्स भागात झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब आहे, त्याच्या शेजारी चार घोडे आहेत आणि १९०७ सालच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उंचीची खूण आहे. परगावचा पाहुणा येथे उभा राहून छायाचित्र काढतो आणि आपण हिंदुस्थानच्या मध्यबिंदूवर उभे आहोत असे समजतो. काटेकोर भूमितीने शोध घेणाऱ्यांनी आजच्या भारताचा मध्य येथून बराच उत्तरेस, मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात करौंदी नावाच्या खेड्याजवळ दाखविला आहे. या तपशिलाने नागपूरकरांनी खट्टू होण्याचे कारण नाही. उलट व्यापाराच्या दृष्टीने यातच सारे मर्म आहे. करौंदीला कोणी साबणाचे गोदाम बांधीत नाही, तेथे कोणी मालमोटारींचा अड्डा टाकीत नाही, कारण नकाशाच्या कर्णरेषा तेथे छेदत असल्या तरी मार्ग तेथे छेदत नाहीत.

नागपुरात मार्ग छेदतात. पण तेही हळूहळू छेदू लागले. भुसावळकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली येथे पोचली तेव्हा हे मुंबईच्या मार्गाचे केवळ शेवटचे टोक होते. पूर्वेची वाट छत्तीसगडकडे १८८० च्या दशकात निघाली, ती बंगाल-नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन रुंद केली आणि शतक संपता संपता थेट हावड्याला जोडली. उत्तरेस इटारसीकडे व दक्षिणेस बल्लारशाहवरून काझीपेठेकडे जाणारे दुवे पुरे होण्यास १९२० च्या दशकाची अखेर उजाडली. म्हणजे पहिली आगगाडी आल्यापासून तब्बल साठ वर्षे हे ‘मध्यवर्ती’ गाव चौफुली नव्हतेच. सर फ्रँक स्लाय या गव्हर्नरांच्या हस्ते १५ जानेवारी १९२५ रोजी उघडलेली स्टेशनची दगडी इमारत त्या काळच्या अपेक्षांच्या मापाने बांधलेली आहे. स्टेशनापासून जवळच रूळांना रूळ छेदून जातात ते डायमंड क्रॉसिंग पाहावयास आजही लोक पुलावर उभे राहतात. दिल्ली, हावडा आणि चेन्नई ही तिन्ही नगरे येथून लोहमार्गाने सुमारे ११०० किलोमीटरांवर पडतात, मुंबई तेवढी काहीशी जवळ, सुमारे ८४० किलोमीटर.

सडकांचेही असेच. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा आणि गुजरातेतून ओडिशातील पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथे भेटतात. जुने ड्रायव्हर त्यांना अद्याप सात नंबर आणि सहा नंबरच म्हणतात. परंतु या शतकाच्या आरंभी देशाने आपली पहिली मोठी चौपदरी योजना, सुवर्ण चतुष्कोन, हाती घेतली तेव्हा ती दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता या चार कोपऱ्यांना कडेकडेने जोडून गेली आणि चतुष्कोनाच्या नेमक्या पोटात असलेल्या नागपुरास तिने कोठेही स्पर्श केला नाही. उत्तर-दक्षिण मार्गिका मागाहून येथून गेली. मध्यावर असलेल्या गावाला वळसा घालून जाणे शक्य असते, ही गोष्ट त्या वेळी कागदावर उमटली होती.

जुम्मा तलावाकाठची दलदल

मुंबईत गिरण्यांचा सुकाळ असताना जमशेटजी टाटांनी आपली नवी गिरणी नागपुरात काढण्याचे ठरविले, ते कोणत्या हिशेबाने, याचे उत्तर आजच्या उद्योजकानेही अभ्यासावे असे आहे. गिरणीला तीन गोष्टी लागत: कापूस, कोळसा आणि गिऱ्हाईक. कापूस वर्धा, हिंगणघाट आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकत होता, कोळसा चांद्याकडे वरोऱ्यास निघू लागला होता, आणि सूत घेणारे कोष्टी व कापड घेणारे रयत याच मुलखात होते. मुंबईची गिरणी हाच कापूस शेकडो मैल पश्चिमेस नेई आणि त्याचे कापड करून तितकेच मैल परत पूर्वेस पाठवी. त्यातही कोळशाची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. कापसाच्या गाठीचे वजन बहुतांशी सुतात टिकते, म्हणून कापसावर दिलेले भाडे पुरते वाया जात नाही. कोळसा मात्र जळून नाहीसा होतो, त्याचा एक तोळाही मालात उतरत नाही, आणि म्हणून त्याच्या वाहतुकीवर खर्चिलेली प्रत्येक पै निव्वळ तोटा असते. जो जिन्नस वाटेत किंवा भट्टीत वजन गमावतो त्याच्याजवळ कारखान्याने जावे, हा नियम अर्थशास्त्राच्या ग्रंथांत पुढे सूत्ररूपाने आला. जमशेटजींनी तो आधीच आचरला.

गिरणीसाठी मिळालेली जागा जुम्मा तलावाजवळची दलदल होती. ती भरून काढण्यासाठी कर्ज मागितले असता एका सावकाराने, जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला मी पैसा देणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि काही वर्षांनी त्यानेच आपले मत पालटल्याची कबुली दिली, अशी कथा टाटांच्या चरित्रात सांगितलेली आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याच्या दिवशी, गिरणी सुरू झाली आणि एम्प्रेस मिल हे नाव पावली. तिचा कारभार जमशेटजींनी सोपविला तो बेझनजी दादाभाई मेहता यांच्यावर, आणि हे गृहस्थ कापडधंद्यातले नव्हते, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले होते. जेथे लाभाचा उगमच भाड्याच्या बचतीत आहे तेथे भाडे जाणणारा माणूस प्रमुख नेमावा, ही निवड मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

तो हिशेब कायम टिकला नाही. वीज तारांतून येऊ लागली तेव्हा वरोऱ्याच्या कोळशाचे सान्निध्य निरर्थक झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारने पोलाद व सिमेंटसारख्या मूलभूत मालाचे वाहतूक-भाडे सर्व देशभर समान राहील अशी तजवीज केली, ती १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. तिच्यामागचा हेतू सर्व प्रांतांचा विकास हा होता, तथापि खनिजांजवळ वसलेल्या मध्य व पूर्व हिंदुस्थानाचा जन्मजात लाभ तिने कारकुनाच्या एका फटकाऱ्यासरशी पुसून टाकला. गिरणी १९८६ साली राज्य सरकारच्या ताब्यात गेली, २००२ साली बंद झाली, आणि आज त्या जागेवर बाजारसंकुल उभे आहे.

वाडी

अमरावती रस्त्याने शहर सोडताना वाडी लागते. येथील गोदामांच्या रांगा कशामुळे उभ्या राहिल्या असे विचारले असता नवखा माणूस महामार्गाकडे बोट दाखवील. जुना माणूस जकात नाक्याकडे दाखवितो. नागपूर महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे, आणि ज्या मालाला नागपुरात खपावयाचे नाही, केवळ येथून पुढे सिवनी, बालाघाट वा गडचिरोलीस जावयाचे आहे, त्यावर जकात भरून मागाहून परताव्यासाठी दप्तराच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा तो हद्दीबाहेरच उतरविणे व्यापाऱ्यास सोयीचे पडे. वाडी हद्दीबाहेर होती. २०१३ साली जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही उठला. पण गोदामे राहिली, कारण तोपर्यंत तेथे हमाल, दलाल, वजनकाटे, टायरवाले आणि धाबे यांचे एक संपूर्ण गाव वसले होते.

मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि खरे कामकाज नुकते सुरू होत होते. हिमाचलातील बद्दीहून, हरिद्वारहून, गुजरातेतून आणि तमिळनाडूतून आलेल्या लांब गाड्या ताडपत्र्या सोडून उभ्या होत्या. एका गोदामाच्या फलाटावर साबण, बिस्किटे, औषधे आणि रंगाचे डबे यांचे नग हमालांच्या पाठीवरून आत जात होते आणि पलीकडच्या दाराने त्यांचेच तुकडे पडून, या दुकानाचे पाच, त्या दुकानाचे बारा, असे ते लहान टेम्पोंत व छोट्या हत्तींत भरले जात होते. येथला मुनीम संपूर्ण धंदा एका वाक्यात सांगतो: फुल लोड येतो, पार्ट लोड जातो. मोठी गाडी पूर्ण भरून हजार किलोमीटर चालली तर मणामागे पडणारे भाडे अल्प असते; तोच माल लहान गाडीतून न्यावा तर ते कितीतरी चढते. म्हणून स्वस्त प्रवास जितका लांबवता येईल तितका लांबवावा आणि महाग प्रवास जितका आखूड करता येईल तितका करावा. जेथून चोहोकडे दुकाने आहेत आणि कोणतेच दुकान फार दूर नाही असे गाव या तोडणीला सर्वोत्तम. रायपूर येथून तीनशेच्या आत, जबलपूरही तितकेच, भोपाळ साडेतीनशे, हैदराबाद पाचशे.

या लाभाची दुसरी बाजू साठ्याची आहे, आणि ती दुकानदारापेक्षा कारखानदाराला अधिक कळते. २०१७ च्या जुलैपर्यंत, वस्तू व सेवा कर येण्याआधी, परराज्यात विकलेल्या मालावर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर बसे व त्याची वजावट मिळत नसे; तो टाळण्यासाठी प्रत्येक कंपनी प्रत्येक राज्यात स्वतःचे एक गोदाम राखी आणि तेथवरचा प्रवास विक्री नव्हे, स्वतःच्याच मालाची बदली, असा दस्तऐवज करी. रायपुरात एक, इंदुरात एक, नागपुरात एक, हैदराबादेत एक. चारही ठिकाणी अडीअडचणीसाठी चार निरनिराळे साठे ठेवावे लागत. सिवनीत माल पडून राही आणि चंद्रपुरात तुटवडा होई, तरी मध्ये सरहद्द असल्यामुळे तो इकडचा तिकडे करणे परवडत नसे. कर एक झाल्यावर हा हिशेब पालटला. चार साठ्यांचा एक साठा केला की एकीकडची तूट दुसरीकडची वाढ भरून काढते, आणि एकूण राखीव माल कमी लागतो. मालात अडकलेला पैसा मोकळा होणे म्हणजे व्याज वाचणे, आणि कमी नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात पुष्कळदा तोच नफा असतो. वाडीच्या पुढे गोंडखैरीकडे उंच पत्र्यांची, आत मोटार फिरेल एवढी प्रशस्त नवी गोदामे उभी राहिली त्यांचे कारण हे आहे. जकात टाळण्यासाठीचा थांबा खोट्या कारणाचा होता, तो करासरशी जन्मला; हा थांबा मालाच्या स्वतःच्या गरजेतून आलेला आहे, म्हणून मला तो अधिक टिकाऊ वाटतो.

परंतु वाडीचे खरे वैभव पाहावयाचे असेल तर गोदाम सोडून दलालाच्या खोलीत बसावे. टेबलावर दोन फोन, भिंतीवर देवाची तसबीर, दारात चहाचे पेले, आणि बाकावर टेकलेले ड्रायव्हर. कोणाची गाडी चेन्नईहून येऊन खाली झाली आहे, कोणाची लुधियान्याहून. प्रत्येकाची चिंता एकच: परतीचे भाडे. खाली गाडीलाही डिझेल लागते, टोल लागतो, हप्ता लागतोच. म्हणून ज्या गावी माल उतरवून परतीचा माल मिळत नाही त्या गावचे जातानाचे भाडेच गाडीमालक दीडपट सांगतो. कोपऱ्यातल्या शहरात उतरलेल्या गाडीला परतावयाची दिशा एकच असते. येथे तसे नाही. “चेन्नईचा नाही तर हैदराबादचा देतो, तो नाही तर रायपूरचा. गाव मधात आहे ना भाऊ, गाडी खाली कायले जाईल?” असे तो दलाल म्हणाला. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा की रायपुराहून मग कोणीतरी पोलाद देईल, आणि ते घेऊन गाडी दोन मुक्कामांनी का होईना, भरलेली घरी पोचेल. दिशा जितक्या अधिक तितकी रिकामी फेरी कमी, रिकामी फेरी कमी तितके भाडे कमी, भाडे कमी तितका माल अधिक, आणि माल अधिक की दिशा पुन्हा वाढतात. मध्यवर्तीपणाचे जे उत्पन्न आहे ते या चक्रात आहे, आणि झिरो माइलच्या खांबापेक्षा या बाकावर ते अधिक स्पष्ट दिसते.

या चक्रात एक उणीव आहे आणि तीही तेथेच ऐकली. नागपुरात उतरणारा माल पुष्कळ, येथून निघणारा त्या मानाने थोडा. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहती, कोळसा, मँगनीज, तांदूळ, कापूस ही निघणारी बाजू. पण कोळसा व खनिज रेल्वेने जातात आणि शेतमाल हंगामी असतो. उन्हाळ्यात बाकावर दोन-दोन दिवस बसलेले ड्रायव्हर असतात. त्यांना आंघोळीला जागा नाही, गाडी उभी करावयास धड तळ नाही, रस्त्याच्या कडेला लावली तर डिझेल चोरीला जाते. ज्या माणसांच्या थांबण्यावर हे सारे गाव जगते त्यांच्या थांबण्याची व्यवस्था गावाने केलेली नाही, याचे मला फार वाईट वाटले. हमालांसाठी राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि त्याने मजुरीला, भविष्यनिधीला काही शिस्त लावली. ड्रायव्हरांच्या वाट्याला तसे काहीही आलेले नाही.

कळमना, इतवारी, धंतोली

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहराच्या दिवसांत सकाळी शिरले की पावलापावलाला संत्र्यांचे ढीग लागतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे वरूड-मोर्शी येथून रात्रभर चाललेली वाहने पहाटे येथे रिकामी होतात, अडत्या बोली बोलवितो, आणि दुपारपर्यंत ढीग दिल्ली, कोलकाता, हैदराबाद अशा दिशांना पांगतात. नाशवंत मालाला मध्यवर्तीपणाचा लाभ सर्वांत अधिक, कारण त्याला निवड मिळते: दिल्लीचा भाव पडला तर कोलकात्याला गाडी वळविता येते, आणि दोन्ही वाटा फळ सडण्याच्या आत पुऱ्या होतात. २०२० च्या ऑक्टोबरात येथून दिल्लीकडे संत्र्यांची किसान रेल्वेही निघाली होती. तरी या लाभालाही एक सीमा आहे, अगदी शब्दशः. नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयातशुल्क चढवीत नेले आणि येथल्या बागाईतदाराची कंबर मोडली. सडक तीच, अंतर तेच, गिऱ्हाईकही तेच. नाक्यावरचा एक दर बदलला. संत्र्याचा रस काढण्याचे, साल व अर्क वापरण्याचे मोठे कारखाने बागांजवळ पुरेसे उभे राहिले असते तर हा आघात एवढा लागला नसता, असे कळमन्यात भेटलेला प्रत्येक माणूस म्हणाला आणि मलाही ते पटते.

इतवारी हा जुन्या शहराचा व्यापारी गाभा. मसाला, किराणा, धान्य, सराफा, लोखंड, आणि शेजारीच गांधीबागेचे कापड. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते त्या काळी छिंदवाडा, सिवनी, बालाघाट आणि छत्तीसगड येथल्या चिल्लर दुकानदारांची ठोक खरेदी येथेच होई. १९५६ च्या नोव्हेंबरात राजधानी गेली, प्रांताचा मुलूख दोन राज्यांत विभागला गेला, २००० साली छत्तीसगड निराळे होऊन रायपूर स्वतःच एक केंद्र बनले, आणि इतवारीच्या पेढ्यांवरची पूर्वेची गर्दी ओसरली. सातपुड्यापलीकडची गिऱ्हाइके मात्र अजून येतात, कारण भोपाळपेक्षा त्यांना नागपूर जवळ पडते.

ती दुसऱ्या एका कारणानेही येतात. धंतोली आणि रामदासपेठेतील इस्पितळांच्या दारांशी उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्या: बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबाद. खानावळी, औषधांची दुकाने, रोजाने मिळणाऱ्या खोल्या, हे सारे परगावच्या रुग्णाच्या नातलगांवर चालते. विमान वरून जाईल, मालमोटार बाहेरून जाईल. रुग्णाला थांबावेच लागते. नागपूरच्या मध्यवर्तीपणाचा एवढा निश्चित लाभ घेणारा दुसरा व्यवसाय मला आढळला नाही, आणि त्याचे नाव कोणत्याही उद्योग-आराखड्यात ठळकपणे येत नाही.

खापरीचा माळ

मिहान हा प्रकल्प सोनेगावच्या त्या रात्रविमानांचा वारस म्हणून कल्पिला गेला. त्यासाठी २००२ साली राज्याने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली, शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा या बाजूची चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन आराखड्यात धरली, आणि आंतरराष्ट्रीय मालविमानांनी येथे उतरून माल बदलावा असे चित्र रंगविले. आज त्या माळावर फिरताना पुष्कळ काही दिसते: बोइंगने बांधलेले आणि २०१५ साली सुरू झालेले विमानदुरुस्तीचे केंद्र, टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांच्या इमारती, एम्स, आयआयएम, कंटेनरांचा तळ. मालविमानांचे संमेलन तेवढे दिसत नाही. मूळ आराखड्यातील दुसरी धावपट्टी इतक्या वर्षांत उभी राहिलेली नाही.

जे आले ते मोलाचे आहे, हजारो तरुणांना त्याने पुण्या-हैदराबादेची वाट धरण्यापासून वाचविले आहे. पण ते कशामुळे आले याचा विचार केला पाहिजे. संगणकाच्या आज्ञावलीला मध्यबिंदूशी कर्तव्य नसते. ती तारेतून जाते. तिला येथे आणले ते स्वस्त जमिनीने आणि विदर्भातल्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांनी. एम्सला मात्र चारी दिशांचे रुग्ण मिळाले. कंटेनरांच्या बाबतीत तर मध्यवर्तीपणा उलटा पडतो: परदेशी माल पाठविणाऱ्या कारखान्याला येथून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतचे आठशे किलोमीटरांचे भाडे किनाऱ्यावरच्या स्पर्धकापेक्षा अधिक सोसावे लागते, आणि पूर्व-पश्चिमेचे दोन्ही समुद्र त्याला दूरच असतात. म्हणून ज्याचे गिऱ्हाईक देशभर विखुरलेले आहे त्याने येथे यावे, ज्याचे गिऱ्हाईक एका बंदरापलीकडे आहे त्याने भाड्याचा हिशेब दोनदा मांडावा, आणि ज्याचे गिऱ्हाईक एकाच महानगरात आहे त्याने त्या महानगराजवळ राहावे, असे मी कोणाही उद्योजकाला सांगेन. काही गोष्टींना दूर असण्याचाच लाभ हवा असतो. रिझर्व्ह बँक देशातले सोने मुंबईखेरीज नागपुरात ठेवते, आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालयही येथेच आहे.

शिवमडका ते आमणे

७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग नागपूरजवळ शिवमडक्याला सुरू होतो. २०२२ च्या डिसेंबरात तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरीचा तुकडा उघडून ठाणे जिल्ह्यात आमण्याला पोचला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यात आहे, आणि भिवंडी हे पश्चिम हिंदुस्थानातले गोदामांचे सर्वांत मोठे आगर. या मार्गाने नागपूर मुंबईच्या जवळ आले असे आपण म्हणतो; भिवंडीही तितकीच नागपूरच्या जवळ आली, हे म्हणावयास विसरतो. संध्याकाळी भिवंडीत भरलेली गाडी सकाळी विदर्भात पोचत असेल तर अकोल्याच्या दुकानदारासाठी वाडीत साठा कशाला राखावा, हा प्रश्न कंपन्यांच्या कचेऱ्यांत विचारला जाणार हे उघड आहे. जेट विमानाने सोनेगावचे जे केले ते वेगवान सडक वाडीचे करू शकते. पश्चिमेकडून आलेल्या मालापुरता हा धोका मला खरा वाटतो. छत्तीसगड, महाकोशल आणि तेलंगण या तीन बाजूंचा माल मात्र भिवंडीहून थेट पोचवणे कोणास परवडणार नाही, आणि नागपूरने आपली आशा त्या तीन बाजूंवर अधिक बांधावी.

वाडीतल्या ज्या वाहतूकदाराने मला आपल्या वह्या दाखविल्या त्याने या बदलाचे उत्तर आधीच काढून ठेवले आहे. त्याने शिवमडक्याच्या बाजूस बाह्यवळण रस्त्यालगत दुसरे लहान गोदाम भाड्याने घेतले आहे. महामार्गावरून उतरलेल्या मोठ्या गाडीला चंद्रपूर-गडचिरोलीचा माल तेथेच टाकता येतो, म्हणजे ती शहराला वळसा घालून वाडीपर्यंत येण्याचा वेळ वाचवते. सिवनी-जबलपूरचा माल अजून वाडीतूनच फुटतो. दोन जागांचे भाडे, दोन ठिकाणचे हमाल, दोन मुनीम, यामुळे त्याचा खर्च वाढला आहे, आणि दोन वर्षांनी यांपैकी कोणते गोदाम सोडावयाचे हे त्याने अद्याप ठरविलेले नाही. ते कशावर ठरेल, असे मी विचारले. बुटीबोरीत नवे कारखाने किती येतात आणि परतीचा माल कोणत्या तोंडाला मिळतो त्यावर, असे तो म्हणाला, आणि दारात उभ्या असलेल्या राजनांदगावच्या ड्रायव्हरची बिल्टी लिहावयास बसला.